हट्ट्याला उतरलेलं विमान

आधी बाईंचं सांगतो, मग बाकीच्यांचं. बालाघाटात स्टेशनामागच्या वॉर्डात त्यांची खानावळ होती. खानावळ म्हणजे सारवलेली ओसरी, दोन लांब चटया आणि आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा मॅंगनीजच्या खाणीत होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला, आणि बाई भाकरी थापायला बसल्या त्या बसल्याच. मी बुलढाण्याकडचा, आठवीत शाळा सुटलेला, तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, ठेकेदाराबरोबर मोजणीवाला म्हणून इकडे आलो होतो. हंगाम संपला, ठेकेदार गेला, मी राहिलो. दीड महिना बाईंनी मला काही न मागता जेवू घातलं आणि मग एके दिवशी हाताला धरून पेट्रोलपंपवाल्या मालकापुढे उभं केलं.

"पोरगा हाताचा साफ हाय. इंग्रजी अक्षरं छापल्यावानी काढते. शाळा किती झाली ते इचारू नका."

मालकानं विचारलं नाही. पंपाला लागून त्याची विमानाच्या तिकिटांची एजन्सी होती, आणि चोवीस वर्षांच्या मला एकदम टेबल, खुर्ची आणि टेलिफोन मिळाला. कोणी आठवीचा दाखला मागेल, या भीतीनं पहिलं वर्षभर मी त्या खुर्चीच्या कडेवरच बसलो.

बालाघाटात विमान नव्हतं. नागपूरला ट्रंककॉल लावायचा, सीट पक्की करायची, बसनं जाऊन तिकीट आणायचं, एवढं माझं काम. गिऱ्हाइकं मोजून आठ-दहा. भाताच्या मिलवाले, मॅंगनीजवाले, तेंदूपत्त्यावाले. ही माणसं विमानात बसायची ते मुंबईला लवकर पोचायला नव्हे. बसायची ती परत येऊन सांगायला. मुंबईहून नागपूरपर्यंत विमान, तिथून टॅक्सी, आणि टॅक्सी घरी न जाता आधी आमच्या दुकानापुढे. बाकावर बसायचं, चहा घ्यायचा, ढग कसे दिसले ते सांगायचं. विमान वर चढताना ताटातून गोळ्या आणि कानात घालायला कापूस देतात. त्या गोळ्या खिशातून काढून प्रसादासारख्या वाटायच्या, तेही एका गोळीचे दोन तुकडे करून. आणि सुटकेसच्या मुठीला विमानकंपनीचं जे कागदी लेबल बांधलेलं असतं, ते कधी सोडायचं नाही. मोठ्या राइस मिलच्या शेठच्या सुटकेसला तशी नऊ लेबलं होती. ती सुटकेस नव्हती, वरातीतली घोडी होती. शेठ जवळच्या लांजी गावाला बसनं गेले तरी ती बरोबर.

मग पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले त्या वर्षी सरकारनं टॅक्स बसवला. विमानाच्या तिकिटावर, रेल्वेच्या तिकिटावर, पत्रावरसुद्धा पाच पैशांचं जास्तीचं तिकीट. भाडं आधीच वाढलेलं, त्यावर हे. बाईंनी बहिणीच्या पत्राला ते पाच पैशांचं तिकीट चिकटवलं आणि जिभेनं ओलं करताना एवढंच म्हणाल्या, "लेकरं असतीन तिकडं, उपाशी." झालं. त्यांच्याकडून टॅक्सवर दुसरं वाक्य आलं नाही.

बाकावर मात्र राष्ट्र बुडालं होतं.

"सरकार विमान कंपन्यांचा गळा दाबून राह्यली," मिलवाले शेठ म्हणायचे. "भाडं वाढवलं, वरून टॅक्स. सीटा खाली जातीन. विमानं गोदामात उभी राहतीन. मंग काय बैल जुपन सरकार त्याले?"

"बिल्कुल बराबर," बाकीचे म्हणायचे. त्यांच्यातल्या निम्म्यांनी विमान फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं.

मी घाबरून नागपूरच्या काउंटरवरल्या बाबूला फोनवर विचारलं, विमानं खरंच रिकामी जातात का? तो हसला. "रिकामी? मंगळवारपर्यंत सीट नाही. साहेब लोकांचं भाडं सरकार भरतं, टॅक्सही सरकारच भरतं. या खिशातून काढून त्या खिशात. कंपनीवाल्यांचे पैसे कंपनी भरते. तुमचे बालाघाटचे चार शेठ आले नाहीत तर विमानाचं वजन कमी होईल, एवढंच."

फटका कोणालाच बसला नाही असं नाही. खाणीतले एक म्हातारे फोरमन होते. मुलगा कलकत्त्याला, आयुष्यात एकदा विमानानं जाऊन त्याला भेटायचं होतं. ते तीनदा दुकानात आले, तीनदा भाडं विचारलं, तिसऱ्यांदा टॅक्ससकट ऐकलं आणि "बरं" म्हणून रेल्वेनं निघून गेले. बाकावर बसले नाहीत. त्यांनी सरकारला शिव्या दिल्या नाहीत आणि लेबलही मागितलं नाही.

लेबल मागितलं ते शेठनं. एका संध्याकाळी मालकानं मला बोलावलं.

"तिकिटं जात नाहीत, हे तुले दिसते ना? एजन्सी गेली तं तुले ठेवून मी काय करू? पेट्रोल भरतं काय? तुले तं तेही जमणार नाही."

"मग काय करू, मालक?"

"काही नाही. शेठ यावेळी गाडीनं जाऊन राह्यले. गाडीनंच येतीन. पण येतीन विमानानं. समजलं?"

मला समजलं नाही, म्हणून शेठनंच समजावलं. मुंबईहून मेलनं गोंदिया, गोंदियाहून छोट्या लाइनीची गाडी. पण बालाघाट स्टेशनावर उतरले तर सगळं गाव पाहणार. म्हणून अलीकडच्या हट्टा स्टेशनावरच उतरायचं, टांग्यानं तिथल्या जुन्या बावडीपर्यंत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीपर्यंत, जायचं आणि पायऱ्यांवर सावलीत बसायचं. मी मालकाची टॅक्सी, नागपूरच्या काउंटरखाली पडलेलं एक जुनं लेबल आणि थोडा कापूस घेऊन तिथं जायचं. मग टॅक्सी धुरळा उडवत दुकानापुढे. टॅक्स उठला की शेठ पुन्हा खरोखर उडतील. तोवर गिऱ्हाईक तुटायला नको.

मी हौ म्हणालो. नाही म्हणायला मागे काहीतरी लागतं. माझ्यामागे आठवी होती.

शेठ यायच्या दिवशी सकाळी नागपूरहून दुसऱ्याच कामाचा फोन आला आणि जाता जाता बाबू म्हणाला, मुंबईचं विमान आज येणारच नाही, काहीतरी बिघाड आहे. मी मालकाला सांगायला पंपावर धावलो. मालक दुपारपर्यंत आलाच नाही. डबा खाल्ला, टॅक्सीवाल्याला घेतलं आणि हट्टा गाठलं.

शेठ बावडीच्या तिसऱ्या पायरीवर रुमाल अंथरून बसले होते. गाडीच्या कोळशानं कॉलर काळी झालेली.

"शेठजी, एक गोष्ट सांगायची होती. आजचं विमान..."

"कापूस आणला?"

"आणला. पण नागपूरहून सकाळी फोन..."

"दे." त्यांनी कापसाचे दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत ठासून भरले. "आता बोलू नको. विमानातून उतरलेल्या माणसाले दोन घंटे ऐकू येत नाही. सब को पता है."

"शेठजी, विमान आलंच नाही आज!" मी ओरडलो. खाली बावडीच्या दगडी कमानींतून माझाच आवाज परत आला. टॅक्सीवाल्यानं ऐकलं, टांगेवाल्यानं ऐकलं, पाण्यावरली कबुतरं उडाली.

"विमानाचं तू मले शिकवतं?" शेठ म्हणाले. त्यांना बहुतेक माझे ओठ तेवढे दिसले. "लेबल बांध."

मी लेबल बांधलं. दहावं. टॅक्सीत ते डोळे मिटून, ओठ हलवत, ढगांचं पाठ करत बसले. मी आणखी एकदा त्यांच्या दंडाला हात लावला, त्यांनी झटकला. खरं सांगतो, अर्ध्या वाटेपर्यंत मला नुसती भीती होती. मग त्या भीतीखाली थोडी मजाही वाटू लागली. त्या मजेची किंमत पुढे मी नाही, दुसऱ्याच माणसानं मोजली.

दुकानापुढे पंधरा-वीस जण जमले होते. शेठ बाकावर बसले, सुटकेस पायाशी, लेबलं लोकांकडे.

"वरून नागपूर कसं दिसते सांगू? काडीपेटीच्या डब्या मांडल्यावानी. टॅक्स भरला मी, पूरा भरला. आपण नाही भरला तं विमानं चालतीन कशी? पण सरकारनं ध्यानात ठेवावं, आमच्यासारखे बसले नाहीत तं..."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गर्दीत मागे उभे होते. थकलेले, शर्ट चुरगळलेला. "शेठजी, तुम्ही कोणत्या विमानानं आलात?"

"हौ, हौ," शेठ हसत म्हणाले. "चहा तर पिऊच."

लोक हसायला लागले. मालकानं घाईनं पुढे होऊन शेठच्या कानातला कापूस स्वतःच्या बोटांनी ओढून काढला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "मी आज सकाळी नागपूर विमानतळावर होतो. बहिणीला घ्यायला गेलतो. मुंबईचं विमान आलंच नाही. म्हणून विचारतो."

शेठचा हात गोळ्यांच्या खिशात तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता ते कुठं उतरणार.

"याले विचारा! तिकिटाचे पैसे देल्ले मी याले, टॅक्ससकट देल्ले. यानं खाल्ले! मुंबईत पाह्यतो तं तिकीट खोटं. लाचारीनं गाडीत बसून आलो. शरमेनं बोललो नाही, इज्जतदार माणूस आहो. बोलवा पोलिसाले!"

मी मालकाकडे पाहिलं. टॅक्सी त्याची, बेत त्याचा. मालक टेबलावरच्या काचेखालचं दरपत्रक वाचत होता, जन्मात पहिल्यांदाच. मी तोंड उघडलं, पण माझं ऐकणार कोण? आठवीतून शाळा सुटलेला, परगावचा, पैशाशी बसणारा माणूस. मी शिपाई असतो तर मीही मलाच धरलं असतं.

बाई दुपारी माझा डबा देऊन गेल्या होत्या, तो रिकामा न्यायला आल्या होत्या. त्या दुकानाच्या पायरीवर कधी चढत नसत. चढू द्यायचं नाही हे मालकाला सांगावं लागलं नव्हतं, त्यांना विचारावं लागलं नव्हतं. त्या दिवशीही त्या खालीच उभ्या राहिल्या.

"शेठजी, एक इचारू? जाच्या दिवशी तुम्ही गोंदियाच्या फलाटावर होते ना? मेल लेट होती."

"तू कोण? मी नाही ओळखत तुले."

"नाई ओळखत, म्हणून तं भाकर खाल्ली."

मागचे लोक पुढे सरकले.

"मी बहिणीकडं चालली होती. तुम्ही बाजूच्या बाकावर. चार घंटे झाले, भूक लागली म्हणाले. म्या देल्ली. जवारीची भाकर आन् जवसाची चटणी. तिखट लागली तं माह्या लोट्यातलं पाणी पेले. मी बालाघाटचीच हाय म्हटलं, तुम्ही तोंड वळवलं नाई, भूकच तेवढी होती. म्या इचारलं, शेठजी, विमान काहून नाई? तं तुम्हीच बोलले, 'सरकारले फुकट टॅक्स कोण देते, बाई? जाणं गाडीनं, येणंही गाडीनं. लेबल पोरगा बांधून देते.'" बाईंनी डब्यासाठी माझ्याकडे हात केला. "मंग आता पोरगा चोर कसा झाला, बाप्पा?"

पोलीस कोणी बोलावला नाही. डॉक्टर निघून गेले. आणि बाकावर शेठच्या शेजारी बसलेला तेंदूपत्त्यावाला हळूच वीतभर सरकला. मग त्याच्या पलीकडचा. शेठ खोटं बोलले याचं त्यांना काहीही वाटलं नव्हतं. एका गरिबाला जेलात घालायला निघाले होते, याचंही नाही. त्यांना वाटलं ते भाकरीचं. त्या आठवड्यात शेठच्या घरी शुद्धीची पूजा झाली आणि जेवायला सगळा बाक गेला.

पंधरा दिवसांनी मालकानं मला काढलं. "टॅक्समुळे धंदा नाही रे." एजन्सीची पाटी उतरली. सरकारनं टॅक्स लावून बालाघाटची विमानसेवा मारली, असं तो आजही सांगत असेल. ज्या गावात विमान कधी उतरलं नाही, तिथली.

बाईंना कोणी काही बोललं नाही. फक्त दुकानांतल्या मुनीम-नोकरांना त्यांच्या मालकांनी सांगितलं, तिकडं जेवायचं नाही. दोन चटयांची एक झाली. मग त्या एकीवरही मोकळी जागा दिसू लागली. तशातच बाईंनी इकडे कामाला असलेल्या आपल्या भावाला सांगून मला बिरसा गावाकडे, जंगलातल्या एका कामावर स्टोअरमध्ये लावून दिलं. निघताना मी रडलो तर म्हणाल्या, "रडतं काहून? तुह्यासाठी नाई बोलली मी. माह्या भाकरीसाठी बोलली."

शेठवर थुंकणं सोपं आहे. पण बाईंकडे जेवत होतो त्या अडीच वर्षांत मी घरी जितकी पत्रं लिहिली, त्या प्रत्येकात "इथं एका बाईंकडे जेवणाची सोय आहे" एवढंच लिहिलं. कोणत्या बाई, कोणत्या वॉर्डातल्या, ते लिहिलं नाही. आईनं विचारू नये म्हणून. फलाटावरचा शेठ आणि मी, आमच्यात फरक एवढाच की माझ्या सुटकेसला लेबल नव्हतं.

ते राहिलेलं पत्र मी परवा आईला लिहिलं. सगळं लिहिलं. आईचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि रोज डाकवाल्याची सायकल वाजली की मी स्टोअरच्या दारात येतो.

पण उत्तर काहीही येवो, बाई, हे मी फेडीन. सुट्टी मिळाली की आईला गोंदियाहून छोट्या लाइनीनं आणीन, बालाघाट स्टेशनावरच उतरवीन, भर दुपारी त्या पेट्रोलपंपावरून चालवत नेईन आणि तुमच्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून जेवायला बसवीन. ती नाही आली, तर इथले कामावरचे दहा जण घेऊन येईन, आणि नंतर आणखी दहा. तुमची दुसरी चटई पुन्हा अंथरायला लावीन.