मेलेला मासाही सोडायचा असतो

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी बाबांना तीन महिन्यांसाठी एडिनबराला घेऊन आले. मी इथे एका फायनान्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. बाबा ढिवर आहेत. भंडाऱ्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी सगळं आयुष्य वैनगंगेत आणि गावच्या मालगुजारी तलावात मासे धरण्यात घालवलं. ऑफिसमध्ये कुणी विचारलं तर मी सांगायचे, "माय डॅड वॉज इन फिशरीज." ऐकणाऱ्याला वाटायचं, खुर्चीवर बसून फायलींवर सह्या करणारा कुणी सरकारी अधिकारी असेल. मीही ते तसंच वाटू द्यायचे.

फ्लॅटमध्ये बाबांचा जीव रमेना. दिवसभर खिडकीशी बसून बसेस बघायचे. म्हणून जूनमधल्या एका वीकेंडला मी उत्तरेकडे, डोंगरातल्या एका नदीकाठी छोटं कॉटेज भाड्याने घेतलं. पाणी दिसल्याबरोबर बाबा बदलले. कडेकडेने चालत गेले, वाकून हात बुडवला, खडक बघितले, आणि मला म्हणाले, "इथं मासा आहे. त्या दगडाच्या मागं. बस तू."

शनिवारी दुपारी मी पुस्तक घेऊन काठावर बसले होते. बाबांनी पिशवीतून दोरा आणि गळ काढला. गळ गावाहून आणला होता, बॅगेतल्या बनियनमध्ये गुंडाळून. कॉटेजमधल्या ब्रेडचा गोळा मळून गळाला लावला आणि दोरा बोटाला गुंडाळून बसले. पाऊण तासात वीतभर ट्राउट मासा आला. बाबांनी तो दगडावर एका फटक्यात मारला आणि गवतात झाकून ठेवला. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडावर मला असं समाधान दिसलं नव्हतं. "रात्री याचा रस्सा करू," म्हणाले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "गुड आफ्टरनून, सर. लव्हली डे."

पन्नाशीचा माणूस होता. हिरवं जाकीट, गमबूट, सोबत काळा कुत्रा. नदीच्या या पट्ट्यावर मालकाने नेमलेला तो राखणदार होता. त्याने अत्यंत नम्रपणे विचारलं की, मासे धरायची लेखी परवानगी आहे का?

मी गडबडून उभी राहिले. म्हटलं, स्कॉटलंडमध्ये तर कुणीही कुठेही फिरू शकतो ना?

"अगदी बरोबर, मॅडम. तुम्ही काठाने चाला, बसा, हवं तर पोहा. पण मासेमारीचा हक्क खासगी आहे."

"काय म्हन्ते हा?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. बाबांना पटेना. "नदीले मालक रायते का?"

मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, वाहतं पाणी कुणाचंच नसतं, पण त्यातले ट्राउट, सालमन असे मासे धरायचा हक्क जमिनीसारखा विकता येतो, विकत घेता येतो, वारसाने मिळतो. इथला मालक लंडनला असतो. सप्टेंबरात एखादा आठवडा येतो.

बाबांनी हे सगळं माझ्याकडून मान डोलावत ऐकलं. मग म्हणाले, "सालमन मासा येते कोठून इथं?"

"समुद्रातून, बाबा."

"मंग समुद्र बी त्याचाच आहे का? विचार त्याले."

माणूस माझ्याकडे बघत होता. त्याची वही उघडी होती. मला डोळ्यांसमोर माझा व्हिसा दिसला, पोलीस दिसले, ऑफिसमधला एचआर दिसला. मी हसून म्हटलं, "ही सेज ही इज व्हेरी सॉरी."

सॉरी हा शब्द बाबांना चांगला कळतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी सॉरी म्हनलो का?"

मी त्या माणसाकडे वळले. त्या माणसाने माझं नाव-पत्ता लिहून घेतला, दोरा गुंडाळून खिशात टाकला, आणि या वेळी सोडून देतो म्हणाला. मग त्याची नजर गवताकडे गेली. बाबांचा ट्राउट त्याने शेपटीला धरून उचलला आणि पलीकडच्या खाजकुयलीसारख्या खाजऱ्या झुडपात भिरकावला. "सॉरी, सर. तुम्हाला ठेवू देता येत नाही." कुत्रा हुंगायला गेला, त्याला शीळ घालून परत बोलावलं, आणि "एन्जॉय युअर स्टे" म्हणून तो निघून गेला.

बाबा त्या झुडपाकडे बघत राहिले. दोरा गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं. मारलेला मासा कुणाच्याही तोंडी न लागता फेकला, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी वरण-भात खाताना ते आपण होऊन बोलले. मी दहावीत असताना आमच्या ढिवरांच्या संस्थेचा तलावाचा ठेका गेला आणि बाहेरच्या ठेकेदाराला मिळाला. तरी बाबा जाळं घेऊन गेले. ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना पाळीवर, तलावाच्या बांधावर धरलं, सगळ्यांसमोर शिव्या दिल्या आणि जाळं जाळलं. हे मला माहीत होतं. तालुक्याच्या शाळेत मुलींनी मला त्याबद्दल विचारलं होतं, आणि तो माणूस माझा बाप नाही, असं मी सांगितलं होतं. बाबांना हे ठाऊक नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, "तिथं शिवी देऊन हाकलते, इथं सर म्हनून हाकलते." आणि ताट धुवायला उठले.

मला त्या माणसाची किळस आली. त्याच्या गोड आवाजाची, त्या 'लव्हली डे'ची. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त स्वतःची आली. बापाच्या तोंडचा एक साधा प्रश्न मी गिळून टाकला होता आणि त्याच्या जागी माफी ठेवली होती.

बाबा ऑगस्टच्या शेवटी परत गेले. सप्टेंबरात आमच्या मॅनेजरने सांगितलं की, मोठ्या क्लायंट्सना एक दिवस सालमन फिशिंगला न्यायचं आहे, टीममधून दोघं-तिघं हवेत. "तू ये. तुझे वडील फिशरीजमध्ये होते ना? तुला आवडेल." नदीचं नाव ऐकलं आणि मी हो म्हटलं. का म्हटलं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. आत शिरून बघायचं होतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

तीच नदी, दोन मैल वर. काठावर लाकडी झोपडी, आत शेकोटी, चामड्याच्या खुर्च्या. आणि आमच्या दिमतीला जूनमधला तोच राखणदार, या वेळी कडक इस्त्रीच्या लोकरी कोटात आणि टायमध्ये. पाहुण्यांना मासा कुठे आहे ते दाखवणं, गळ बांधून देणं, पाण्यात उतरताना हात देणं हे त्याचंच काम. त्याने मला ओळखलं. डोळ्यांत दिसलं. पण तोंडाने "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाला आणि मला पाण्यात उतरायची रबरी विजार चढवायला गुडघ्यावर बसून मदत केली. जूनमध्ये ज्या हाताने बाबांचा मासा फेकला, तोच हात माझ्या बुटाचे बंद आवळत होता. मी पाय मागे घेतला.

अकराच्या सुमारास एका क्लायंटच्या गळाला सालमन लागला. हा गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा रॉड हातात धरत होता. वीसेक मिनिटं ओढाताण चालली. सगळे काठावरून ओरडत होते. शेवटी राखणदारानेच जाळीत मासा घेतला. हातभर लांब, चांदीसारखा, कल्ल्यांतून रक्त येत होतं. मग फोटो. एक क्लायंटसोबत, एक मॅनेजरसोबत, एक सगळ्यांसोबत. "अजून एक, डोळे मिटले होते." मॅनेजरचे. मासा हवेत तोंड उघडत-मिटत होता. मग त्याला पाण्यात सोडलं, टाळ्या वाजल्या. इथे कॅच अँड रिलीज आहे, मासे कमी झाले आहेत म्हणून सगळे सोडायचे, असं मॅनेजरने मोठ्या अभिमानाने सांगितलं. "आपण निसर्गाचं देणं परत करतो."

लगेच शॅम्पेन उघडली. लंचच्या टोपलीत सँडविच होते, स्मोक्ड सालमनचे. कुठला म्हणून विचारलं तर पिंजऱ्यात वाढवलेला, सुपरमार्केटचा. मी एक खाल्लं होतं, दुसरं हातात होतं, तेव्हा खालच्या अंगाला उथळ पाण्यात मला काहीतरी पांढरं दिसलं. मासा उलटला होता. पोट वर.

मी सँडविच टाकून पाण्यात उतरले. बाबा दमलेल्या माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरायचे, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. तसं धरलं. बराच वेळ. हात बधिर झाले. मासा मेलेलाच होता. मी त्याला छातीशी धरून काठाकडे आले, तर राखणदार समोर.

"मॅडम, तो सोडा."

"मेलाय हा."

"मेलेला मासाही सोडायचा असतो. न्यायचा नाही. कायदा आहे."

"म्हणजे सडू द्यायचा?"

"पाणमांजर खाईल. नाहीतर गरुड." मग इकडेतिकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "जूनमधले ते तुमचे वडील ना? ते जाणकार होते. दोरा बघूनच कळलं. माझे आजोबा या नदीवर एका सालमनपायी तुरुंगात गेले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पण या पाण्यातला मासा माझ्या घरात कधी शिजला नाही."

"आणि तरी तुम्ही राखता?"

"चांगली नोकरी आहे," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात राग नव्हता, लाजही नव्हती. तसंच हसू मी जूनमध्ये त्याच्यासमोर हसले होते.

मासा मी सोडून दिला. दगडाला अडकून तो तिथेच हेलकावत राहिला. माझ्या जाकिटाला लागलेले खवले बघून मॅनेजर म्हणाला, "अरे, तू तर व्हेजिटेरियन असशील, नाही? सॉरी, आधी विचारायला हवं होतं."

"नाही," मी म्हटलं. "मी ढिवराची मुलगी आहे. माझे वडील अधिकारी नव्हते, मासे धरायचे. विकायचे. त्यावर मी शिकले."

"वाव," तो म्हणाला. "अमेझिंग जर्नी." आणि माझ्या ग्लासात शॅम्पेन ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "केवढा होता?" मी सांगितलं. "खाल्ला कोनं?"

"कुणीच नाही."

"मंग धरला काहून?"

मी म्हटलं, "बाबा, तेव्हा मी तुमचा प्रश्न त्याला विचारला नाही. माझंच चुकलं." ते म्हणाले, "राहू दे. त्याच्याजवळ बी जवाब नव्हता." मग गावाकडच्या माझ्या भावाच्या म्हशीबद्दल बोलत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात या म्हटलं तर "बघू" म्हणाले. आले नाहीत.

ऑफिसात महिन्याभराने किचनच्या बाहेर एक मोठा फ्रेम केलेला फोटो लागला. क्लायंट, मॅनेजर, आणि मध्ये मासा. कडेला मीही आहे. मी मॅनेजरला म्हटलं, हा काढता येईल का, हा मासा मेला.

"नाही नाही," तो समजावत म्हणाला. "आपण सोडला ना त्याला."

मी चहा करायला आता वरच्या मजल्यावरच्या किचनमध्ये जाते.