गुलाबाईचा रिकामा डबा

ह्या सदरातल्या गोष्टी मी दर वेळी वाचते, आणि खरं सांगते, हसते. कुणाला पांढरी बाई दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी म्हणायची, बायांनो, बीपीची गोळी वेळेवर घ्या. माझ्या सासूला अंगात यायचं तेव्हा सगळे पाया पडायचे, आणि मी आत जाऊन वरण ढवळायची. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, असं लिहू का, ते अजून ठरत नाहीये. सून मोबाईलवर टाईप करतेय, मी सांगतेय. तीही मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघते.

मी शकुंतला. अमळनेरकडची, पण सुरतेत येऊन बत्तीस वर्षं झाली. आम्ही नवागामला राहतो. मालकांनी सगळा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात काढला, मी घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवले. आमच्या गल्लीत बायकांचं एक मंडळ आहे, बारा-तेरा जणींचं. मंगळवारी भजन, उन्हाळ्यात मिळून पापड-कुरडया, संक्रांतीला हळदीकुंकू, थंडीत पोंक, म्हणजे इथला हुरडा, खायला नदीकाठी, वर्षातून एकदा उनाईच्या गरम कुंडावर सहल. आणि भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई. कुणी भुलाबाई म्हणतं, आम्ही गुलाबाई म्हणतो. गावाकडे हा पोरींचा खेळ, पण इथल्या पोरींना गरब्याच्या प्रॅक्टिसपुढे वेळ नाही, म्हणून आम्ही म्हाताऱ्याच बसवतो. दुपारी तीन ते पाच, मंदिरामागच्या खोलीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाणी झाली की खाऊ ओळखायचा असतो. जिची पाळी तिने झाकण लावलेला डबा आणायचा, सगळ्यांसमोर वाजवायचा, आणि बाकीच्यांनी आवाजावरून आत काय ते सांगायचं. ओळखलं नाही तर जिने आणला ती जिंकली. रोज तिघींचे डबे. एवढासा खेळ, पण साठीच्या बाया त्यावरून रुसतात.

ह्यात विमलचा हात कुणी धरू शकत नव्हतं. विमल म्हणजे माझी समोरच्या दारची मैत्रीण, धरणगावची. तिच्या आधी दोन महिने मी सुरतेत आले, तिला पहिलं रेशन मी मिळवून दिलं. ती डबा हलवायचीच नाही. झाकणावर तळहात ठेवायची, मग कान लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "हालाव जरासा." एकदाच हलवायचा. लगेच सांगायची... मुरमुरे, शेंगदाणे, खारीक. एकदा तर म्हणाली, खोबऱ्याचे तुकडे, त्यातला एक खवट. तो निघालाही. आमच्या भागात चाळिशीनंतर निम्मे पुरुष कानाने जातात, लूमच्या आवाजाने. विमलच्या मालकांना तर शेजारी बसून ओरडावं लागतं. त्यामुळे तिला आपल्या कानाचा फार अभिमान होता. "घरात एकतरी कान धड पाहिजे ना," म्हणायची.

आता माझं पाप सांगते. मागच्या वर्षी तिने माझे सलग सहा डबे ओळखले. मला हरणं सोसत नाही, तो माझा जन्माचा स्वभाव आहे, पत्त्यांत हरले तरी मी जेवत नाही. सातव्या वेळी मी रिकामा डबा नेला. गुलाबाईला रिकामा डबा कुणी नेत नाही. अशुभ वगैरे जाऊ द्या, पण तसं करायचंच नसतं, लहान पोरीलाही कळतं ते.

विमलने हात ठेवला, कान लावला. मी हलवला. तिने डोळे उघडले आणि हळूच म्हणाली, "शकू, हाऊ रिकामा शे."

सगळ्या हसल्या. रिकामा कसा असेल, विमलताई? मीही हसले. म्हटलं, थांबा, ताटली आणते, आणि डबा घेऊनच मागे गेले. तिथे ओट्यावर प्रसादाची बरणी होती. त्यातले मूठभर फुटाणे डब्यात टाकले आणि बाहेर आणून सगळ्यांसमोर झाकण उघडलं. "हे घ्या. फुटाणे."

विमल माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला कळलं, आता बोलेल, मग मी हसून कबूल करीन. ती काही बोलली नाही. बाकीच्यांनी मात्र आठवडाभर चेष्टा केली... विमलताई, भाऊंचा कान तुम्हाला लागला वाटतं. दुसऱ्या दिवसापासून ती खेळात यायची बंद झाली. गाणी झाली की उठून जायची. मी रोज ठरवायची, आज सांगते. दिवाळीनंतर ती दोघं गावी गेली. माघात निरोप आला, झोपेतच गेली.

मी रडले, दहाव्याला धरणगावला जाऊन आले. ती गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. मेलेल्या माणसाची काय माफी मागायची, असं स्वतःला समजावलं.

ह्या वर्षी गुलाबाई बसली. विमलच्या जागी तिची सून ज्योती यायला लागली. चौथ्या दिवशी माझी पाळी. मी शेंगदाणे नेले होते, खरपूस भाजून. तोच डबा, स्टीलचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. गाणी झाली, मी डबा हलवला.

आवाज आला नाही.

मला वाटलं गच्च भरलाय. पण मी अर्धाच भरला होता. पुन्हा जोरात हलवला. काही नाही. कमलबाई म्हणाली, "शकूताई, रिकामाच आणला की काय?"

झाकण काढलं, तर शेंगदाणे. अर्धा डबा. मी ताटात ओतले तेव्हा चांगले खळखळले. बाया म्हणाल्या, दमट झाले असतील. पितृपंधरवडा चालू होता, पण तेव्हा मला ते सुचलंही नाही. मी पण म्हटलं, असेल दमट.

पुढच्या पाळीला मी हट्टाने सुपाऱ्या भरल्या. घरी सुनेसमोर वाजवून बघितल्या. सून म्हणाली, "आई, कान किटले, बस करा." जिन्यात वाजत होत्या. गल्लीतून जाताना वाजत होत्या, पानवाल्याने मान वर करून बघितलं. खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि आवाज बंद. मी तिथेच थांबले. एक पाऊल मागे आले... खळखळ. पुढे गेले... गप्प. हाताला वजनसुद्धा हलकं लागत होतं. आत बाया टाळ्या वाजवत गात होत्या आणि बाहेर लूम चालू होत्या, सगळं ऐकू येत होतं. फक्त माझा डबा नाही.

त्या दिवशी माझी पाळी मी दुसरीला दिली, डोकं दुखतंय म्हणून. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. कान उत्तम आहेत म्हणाला.

कोजागिरीच्या दिवशी शेवटचा खेळ, सगळ्यांनीच डबे न्यायचे असतात. मी खूप विचार केला. शेवटी डबा घासला, पुसला आणि रिकामाच नेला. लोकांना वाटेल पश्चात्ताप झाला. छे. मला फक्त कारण हवं होतं. आवाज येणार नसेलच, तर निदान त्यात काही नाही म्हणून येऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

माझ्या डब्याच्या वेळी ज्योती समोर बसली होती. मंडळातली कविता मोबाईलवर शूटिंग करत होती, स्टेटसला ठेवायला. ज्योतीने डबा मांडीवर घेतला आणि झाकणावर तळहात ठेवला. मग वाकून कान लावला. सासूसारखंच. तिने हे कधी बघितलं असेल, म्हटलं घरी बघितलं असेल.

"हलवा मावशी," ती म्हणाली.

मी हलवला. आणि तो वाजला.

बारीक, कोरडा आवाज. मूठभर फुटाण्यांचा. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. कमलबाई म्हणाली, "चला, आज वाजला एकदाचा." ज्योती हसून म्हणाली, "फुटाणे."

ती म्हणाली, उघडा ना मावशी. मी हात लावला नाही. तिनेच झाकण काढलं.

आत काही नव्हतं. घासलेला लख्ख तळ. ज्योतीने डबा उलटा केला, झाकण बघितलं, पुन्हा लावून हलवला. आता काही वाजलं नाही. मग मी बोलले. मागच्या वर्षीचा डबा रिकामा होता, विमलने बरोबर ओळखलं होतं, फुटाणे मी मागे जाऊन बरणीतून टाकले... सगळं सांगितलं. इतक्या बायांसमोर मी आयुष्यात कधी रडले नव्हते.

मला वाटलं ज्योती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती डबा मांडीवर धरून बसली होती. म्हणाली, "मावशी, आई गावी जायच्या आधी घरातला एकेक डबा वाजवून बघायच्या. डाळीचा, पोह्यांचा, मिठाचा. मला म्हणायच्या, उघड आणि सांग बरोबर ऐकलं का. बरोबरच असायचं. तरी त्यांना पटायचं नाही. मी म्हटलं, आई, त्या दिवशी डबा रिकामाच असेल, शकूमावशीने गंमत केली असेल. तर माझ्यावर चिडल्या."

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाल्या, शकू खोटं बोलत नही. मना कानच गया."

वर्षभर मी धरून चालले होते की तिला कळलं होतं. तिला कळलं नव्हतं. तिने स्वतःचा कान खोटा पाडला, मला नाही.

कविताचं शूटिंग आम्ही नंतर चार वेळा बघितलं. मी डबा हलवते, सगळ्यांचे चेहरे खुलतात, कमलबाईचं वाक्य आहे, ज्योतीचं आहे, मागे लूम ऐकू येतात. फुटाण्यांचा आवाज नाही. आणि तरी त्या खोलीतली एकही बाई म्हणत नाही की तिने तो ऐकला नव्हता. माझा मुलगा म्हणतो, सगळ्यांना एकदम भास झाला. असेल बाबा. मग सुपाऱ्यांचं काय, ते तो सांगत नाही. मलाही सांगता येत नाही.

तो डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. त्यात मी काही भरत नाही. दुपारी सगळे झोपले की काढते, झाकणावर हात ठेवते, कान लावते आणि म्हणते, विमल, रिकामा शे, तुनंच खरं. मग एकदा हलवते.

अजून तरी काही वाजलेलं नाही.