अप्पांचा मेंदू आणि माझी माती

मागच्या वर्षी मी वारलो, तेव्हा मेंदूवरचं एक पुस्तक ऐकत होतो आणि ते अर्ध्यावर आलं होतं.

मी ठिबकच्या नळ्या विकतो. सकाळी लातूरहून निघायचं, रेणापूर, अहमदपूर आणि वाटेतली गावं करायची, संध्याकाळी परत. दिवसाचे चार-पाच तास मोटरसायकलवर जातात. म्हणून मी पुस्तकं ऐकायला लागलो. त्यातही मेंदू आणि तंत्रज्ञान! (बारावीला जीवशास्त्रात दोनदा नापास झालेल्या माणसाला मेंदूचं भारी कौतुक असतं.)

या पुस्तकांबद्दल माझी मतं आता पक्की झाली आहेत. मेंदूवरचं पुस्तक वाचणारा गृहस्थ इतक्या मऊ आवाजात बोलतो, की आपल्याला काहीतरी झालंय आणि हा ते बेताबेतानं सांगतोय असं वाटतं. तंत्रज्ञानवाला उलटा. तो पहिल्या वाक्यापासून अंगावर येतो. फोन तुमचं डोकं खातोय, आजच बाजूला ठेवा! (हे तो फोनमधूनच सांगतो.) दोघंही शेवटी आपल्याला शहाणं करून सोडतात, आणि शहाण्या माणसाचं काय करायचं ते घरच्यांवर सोपवतात.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग वार. एका सकाळी लिंगपूजा आटोपून ते बाहेर आले आणि कपाळावरचं भस्म ओलं असतानाच त्यांनी विचारलं, "तुजी माय कुठं गेली रे सकाळच्या पारी?"

अप्पा थोडे थोडे करून चालले होते आणि मला त्यांना धरून ठेवायचं होतं. एवढंच होतं माझ्या मनात. बाकी सगळं माझं शहाणपण.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "प्रेमानं घ्या" म्हणाले. एवढ्या साध्या सल्ल्यावर माझा विश्वास बसेना. पुस्तकात तर स्पष्ट होतं की मेंदूला पुन्हा पुन्हा खरं सांगा, तो नवी वाट पाडतो. (निदान मला तरी तसं कळलं. मी तेव्हा उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो होतो.)

झालं! मी रोज सकाळी खरं सांगायला लागलो.

"अप्पा, आई वारली."

"आँ? कवा?"

"दीड वर्ष झालं, अप्पा."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

मग ते रडायचे. रोज. रोज त्यांची बायको नव्यानं जायची, आणि मी घड्याळात बघून मोटरसायकलला किक मारायचो.

"अहो, नका ना छळू त्यांना," बायको म्हणायची.

"छळ नाही, व्यायाम आहे!" मी म्हणायचो.

मी वारलो त्या दिवशी बायको माहेरी अहमदपूरला गेली होती. अप्पांना जेवायला वाढायचं शेजारच्या काकूंनी कबूल केलं होतं. मी सकाळचा व्यायाम उरकला आणि निघालो. तंत्रज्ञानवाल्याचं ऐकून आठवडाभर मी दिवसा फोन लागणार नाही अशी सोय करून ठेवली होती. फोनमध्ये फक्त पुस्तक चालू. मेंदूला विश्रांती!

इकडे अप्पांनी, बायको वारल्याचं कळल्यावर शहाणा माणूस जे करील तेच केलं. आपला बटणांचा फोन काढून बहिणीला, उदगीरच्या सरूआत्याला लावला.

"सरू, घरात मयत झालीय गं. ये."

आता आमच्यात रडणाऱ्या माणसाला 'कोण गेलं' असं कुणी विचारत नाही. विचारायचं ते एकच.

"माती कितीला हाय?"

"तुमी आल्यावर," अप्पा म्हणाले. माती म्हणजे आमच्याकडे अंत्यविधी. आम्ही लिंगायत, पुरतो ना.

आत्यानं मला फोन लावला. लागेना. तीनदा लावला, लागेना. जवान माणूस, दिवसभर मोटरसायकलवर, त्यात फोन बंद! आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि रेणापूरला, उमरीला, सगळ्या भावकीला कळवलं. माझ्या बायकोलाही फोन केला. पण जवळच्या माणसाला एकदम खरं सांगायचं नसतं, म्हणून म्हणाली, "अप्पाला जरा बरं न्हाई, लगोलग निघ." बायकोनं त्याचा जो अर्थ निघतो तोच काढला आणि अप्पांच्या नावानं रडत एसटीत बसली.

चार वाजता मी गल्लीत वळलो. दारात चपलांचा ढीग. खुर्चीवर मातीचे विधी करणारे स्वामी बसलेले. रेणापूरचा चुलतभाऊ कुणाला तरी सांगत होता, "खड्ड्याचं बगून आलो, दिवस मावळंपातूर हुतंय." शेजारच्या काकूंनी चूलसुद्धा पेटवली नव्हती. माझ्या डोक्यात एकच आलं. अप्पा! हेल्मेट डोक्यावर, कानात तो मऊ आवाज अजून आठवणींबद्दल बोलतोय, आणि मी उंबऱ्यावर बसकण मारून हंबरडा फोडला, "अप्पाऽऽ!"

हेल्मेट आणि कानातलं काढलं तेव्हा आतून आत्याचा आवाज आला. "कवा कुनाला उलटून बोललं न्हाई गं माजं लेकरू!" ती माझे गुण गात होती; माझा देह दवाखान्यातून यायचाय असं सगळ्यांनी धरलं होतं. (जिवंतपणी तिनं माझा एकही गुण सांगितला नव्हता. जरा वेळ गप्प बसून ऐकावं असं वाटून गेलं.) तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

"मेला न्हाईस तू?"

"नाही, आत्या."

"मग फोन का बंद हाय?"

"मेंदूला विश्रांती..."

पुढचा शब्द तिच्या चापटीत गेला. तेवढ्यात बायको रिक्षातून उतरली, "अप्पाऽ" करत धावत आत शिरली आणि अप्पांनाच धडकली.

"मग गेलं कोन?" स्वामींनी शेवटी विचारलं.

सगळे अप्पांकडे बघायला लागले. धुतलेलं धोतर नेसून ते भिंतीला टेकून उभे होते. "सरू, तुजी वैनी गेली गं," ते म्हणाले. "पोरानं सकाळी सांगितलं."

कुणी हसलं नाही. मी मेंदू, नवी वाट वगैरे सांगून बघितलं. आत्या ऐकत होती.

"मयताचं खरं आपन परक्यालासुदिक एकदम सांगत न्हाई," ती म्हणाली. "बरं न्हाई म्हनतो आन् बोलावतो. आन् तू सोताच्या बापाला रोज सकाळी सांगायलास?"

आलेलं कुणी परत गेलं नाही. आत्या अप्पांचा हात मांडीवर घेऊन बसली आणि दोघं आईबद्दल बोलत रडले. आई गेली तेव्हा मी मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार यातच होतो. त्या संध्याकाळी मात्र मी पोटभर रडलो. मग पाहुण्यांनी दुखवट्याच्या घरासाठी आणलेली पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून अप्पा बाहेर आले. "तुजी माय कुठं गेली रे?"

खरं अगदी ओठावर आलं होतं, सवयीनं. ते गिळलं.

"उदगीरला गेलीय. आत्यासोबत."

"बरी हाय न्हवं?"

"हाव अप्पा. बरी हाय."

अप्पांचा चेहरा सैल झाला. त्यांनी चहाचा घोट घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"एक येडं येतंय रे रोज सकाळी. दिसायला बरं हाय, पन येडं हाय. तुजी बायको मेली, तुजी बायको मेली, म्हनून सांगतंय. त्याला घरात घिऊ नको."

"नाही घेत, अप्पा," मी म्हणालो.