येळवशीला निसटलेली तार

"तुमचा डीप बाइट आहे," लातूरच्या डॉक्टरबाई आरशात दाखवत म्हणाल्या. डीप बाइट म्हणजे वरचे दात खालच्या दातांवर इतके उतरलेले, की तोंड मिटलं की खालचे दात टाळूला टोचतात. माझ्या टाळूला सारख्या जखमा व्हायच्या आणि मी ती उष्णता समजून चार वर्षं गुलकंद खात बसले होते! "ब्रेसेस लावाव्या लागतील. दीड वर्ष."

माझं वय अडतीस. चाकूरजवळच्या शाळेत गणित शिकवते. या वयात दातांना तारा? आधी हसू आलं, मग एकदम हुरूपच आला. माझे दात वेडेवाकडेही होते आणि त्यांच्यापायी मी आजवर स्टेजवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

पहिले चार दिवस दात असे ठणकले की वरणभातसुद्धा जड जाई. तुम्ही नव्यानं तारा लावल्या असतील तर घाबरू नका, हे ओसरतं. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करा. प्रत्येक जेवणानंतर बारीक ब्रशनं तारांखालून साफ करा. तार गालाला टोचली तर ऑर्थो वॅक्स, म्हणजे दातांवर लावायचं मेण असतं. त्याची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करून टोचतं तिथं दाबायची. मी मेणाची डबी पर्समध्ये खडूशेजारी ठेवू लागले.

सहाव्या महिन्यात दात सरकलेले डोळ्यांना दिसले आणि मी भलतीच खुशीत आले. त्याच खुशीत शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मागून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा! संमेलन होतं येळवशीच्या दुसऱ्या दिवशी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर कुलूप लावून रानात जेवायला जातं. आम्हीही रेणापूरकडच्या आमच्या शेतात गेलो. हिरव्या दाण्यांची अन् पालेभाज्यांची घोटलेली भज्जी, आंबील, खीर, सगळं मऊ! तारावाल्यांसाठीच मांडलेलं ताट म्हणा ना. मी दोनदा वाढून घेतलं. नंतर सासूबाईंनी उसाचं टिपरू हातात दिलं आणि मी, लहानपणापासूनच्या सवयीनं, ते सरळ दाढेखाली धरून सोललं.

कट्ट!

मागच्या दाढेवरचं ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा चौकोनी तुकडा, निघालं आणि तारेचं टोक गालात घुसलं. रक्त आलं. बोलायला गेले की अजून खोल. मेणाची डबी? ती दुसऱ्या पर्समध्ये, घरी. उद्या शंभर वाक्यं बोलायची होती आणि मला "पाणी" म्हणता येईना. मी रडले, उगाच कशाला लपवू.

"आता गं बया! म्याच दिलं की टिपरू," सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. नवऱ्यानं डॉक्टरबाईंना फोन लावला. दवाखाना अर्थातच बंद. तिकडून आवाज आला, "मी बी रानातच हाय. इकडंच या की, धा किलोमीटर तर हाय. अन् जेवूनच जा, न्हाई म्हणायचं न्हाई."

गेलो. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीजवळ, म्हणजे खोपटाजवळ, डॉक्टरबाई बसल्या होत्या आणि चक्क दातानं ऊस सोलत होत्या!

"माझ्या दातांना तार न्हाई," त्या माझ्या नजरेला नजर देत म्हणाल्या.

हात धुऊन त्यांनी मला उन्हाकडं तोंड करून बसवलं. धुतलेल्या चमच्याच्या दांड्यानं तार आत वळवली, दाढ रुमालानं कोरडी केली आणि स्वतःच्या पर्समधलं मेण दाबून बसवलं. "परवा ब्रॅकेट चिकटवू. उद्या बिनधास्त बोला. 'स' थोडा घसरंल, घसरू द्या."

आणि घसरला! दुसऱ्या दिवशी "स्नेहसंमेलन" म्हणताना पहिल्याच वाक्यात शिट्टी वाजली. समोरची पोरं फिदीफिदी हसली. मग मीच म्हणाले, "बाळांनो, ही शिट्टी उसाची आहे," आणि सगळा किस्सा सांगितला. मंडप हसला, मीही हसले, तारांसकट, तोंडभरून. पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही.

तारा अजून वर्षभर आहेत. ऊस मी आता सुरीनं तासून, बारीक तुकडे करून, रस काढून पिते. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मात्र मी विसरणार नाही, कारण सणाच्या दिवशी, हातातला ऊस बाजूला ठेवून त्यांनी मला बोलतं केलं.

संमेलन संपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षी सूत्रसंचालन कुणाला…" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला होता.