मावशी, वाजवून राहिलो

बास गिटार वाजवणाऱ्याला कुत्रं विचारत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाण्याच्या पार्टीत गायकाला हार, ढोलकीवाल्याला टाळ्या, आणि आम्हाला? "जरा मागं सरका, पेटीवाले दिसंनात!" नांदेडला कॉलेजात असताना जयंतीच्या कार्यक्रमांत मी दुसऱ्याची बास वाजवायचो. पुढं कीबोर्डवाले डाव्या हातानंच ते काम उरकायला लागले. मला कोणी काढलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं.

नोकरीनं लातूरला आणून टाकलं. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. वरच्या मजल्यावर माझी एक खोली, खाली घरमालकीण मावशी, त्याही एकट्याच. औशाकडच्या. पहाटेच्या त्या भूकंपात त्यांचे मालक आणि धाकटी पोर गेली. थोरली लेक पुण्यात. आमच्या दोघांत बोलणं एकच, "नळ आलाय." आणि लातुरात नळ काही रोज येत नाही. रविवारी कधी कधी संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. मग वाटलं, आता आपली स्वतःची बास घ्यायचीच.

नांदेडच्या एका दुकानात तीन बास टांगलेल्या होत्या. दोन चकचकीत, एक जुनी, कडेला रंग उडालेली. मी तिन्ही वायर न लावता, हनुवटी लाकडाला टेकवून वाजवल्या. दुकानदार वैतागला, "साहेब, वायर लावा की!" म्हटलं, लाकूडच मुकं असेल तर वायर काय बोलणार? जुनीचा आवाज दातांपर्यंत आला. तीच उचलली. घरी आलो तर मावशी जिन्यात. "अगंबाई, चारच तारा? दोन तुटल्या व्हय?"

आवाज मात्र हाताला लागेना. नव्या तारा पितळी ताट पडल्यागत खणखणायच्या. त्या काढून गुळगुळीत तारा मागवल्या. खरखर होती म्हणून पान्यानं तारा जरा उचलल्या. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तारांच्या बुडाशी सरकवला, म्हणजे सूर लांबत नाही, तबल्याच्या डग्ग्यासारखा गोल येतो. आतली गुणगुण मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सुटलेल्या वायरीला डाग देऊन घालवली. तरी पोटात उतरणारा तो सूर येईना. चिडचिड व्हायची. ऐकणारं कोणी नसताना कशाला एवढी मरमर, असंही वाटायचं.

एका संध्याकाळी टेबलावर इस्त्री करायची म्हणून बासचा स्पीकर उचलून खाली कोपऱ्यात ठेवला, थेट फरशीवर. जाड तार अंगठ्याच्या मांसानं छेडली. आयला! भिंतच बोलायला लागली. मी डोळे मिटून तोच एक सूर घोळवत बसलो. तेवढ्यात खालून भांडी थरथरल्याचा आवाज, आणि मावशीची किंकाळी, "जमीन हाललीऽ! भायेर निघा!"

बास टाकून मीही पळालो. इथं जमिनीतून आवाज आला की माणूस ताटावरून उठतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. सगळी गल्ली रस्त्यावर. कोणी म्हातारं उचलून आणलेलं, कोणी गॅस बंद करायला परत आत जात होतं. कोणीतरी चहा केला. "वरचे सर तुम्हीच का?" असं मला चार जणांनी विचारलं. खरं सांगतो, बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या गल्लीतला झालो होतो. चहा निम्मा संपला तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, की भूकंप तर मीच आहे!

मावशीला बाजूला घेऊन सांगितलं.

"मुडद्या, जीव घेतोस का माझा?" एवढंच म्हणाली. पण गल्लीत कोणाला बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकर गादीवर ठेवला. सूर मेला. पाच-सहा दिवसांनी खालून आवाज, "लेकरा, उशीत तोंड घालून रडल्यागत काय वाजवून राहिलास? ठेव खाली."

"मावशी, भांडी वाजतील."

"वाजू दे. पर आधी हाक मार. तूच हाईस, हे कळू दे मला."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी जिन्यातून ओरडायचो, "मावशी, वाजवून राहिलो!" खालून यायचं, "हाव, वाजीव!" जाड तार छेडली की फळीवरचा तिचा तांब्या किणकिणायचा. हात हलका पडला तर लगेच तक्रार, "आज तांब्या बोलला न्हाई. जेवला न्हाईस का?" एवढा कान देऊन मला कोणत्याच पार्टीनं ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी एकदा मी भात लावला होता. बास पिशवीत. फरशीखालून घुरघुर आली आणि कुकर ओट्यावर थरथरला. तसाच अनवाणी खाली पळालो. मावशी भिंतीला टेकून निवांत डाळ निवडत बसलेली. तांब्या किणकिणत होता.

"आज हाक न्हाई मारलीस," ती म्हणाली. "पर सूर लई बरा लागलाय."

"मावशी, मी न्हाई वाजवत! उठा!"

हाताला धरून तिला ओढत बाहेर आणलं. पुन्हा गल्ली रस्त्यावर, पुन्हा चहा. झालं काहीच नाही, नुसता जमिनीखालचा आवाज आणि जराशी थरथर होती. मावशीच्या मुठीत अजून डाळ होती. माझ्या रिकाम्या हातांकडे बघत म्हणाली, "कशाला सांगितलंस रे? त्या पहाटेनंतर पहिल्यांदाच जमीन बोलली तरी मी बसून ऱ्हायले हुते."

मला रडू आवरलं नाही. सांगितलं नसतं तर काय, याचा मी अजून विचार करतो आणि दर वेळी मनात तिला ओढूनच बाहेर आणतो.

त्यानंतर तिला खाली झोप येईना. लेक आली आणि पुण्याला घेऊन गेली. जाताना मावशीनं तांब्या माझ्या हातात ठेवला. फोनवर पहिला प्रश्न तोच असतो, "तांब्या बोलतो का?"

"हाव मावशी, बोलतो," मी सांगतो.

खोटं सांगतो. माझ्या फळीवर ठेवून पाहिला, खिडकीत ठेवून पाहिला, स्पीकरवरही ठेवला. तो किणकिणायचा तिच्या फळीवर, आणि खालच्या खोलीला कुलूप आहे. तरी दिवेलागणीला मी जिन्यात जातो, हाक मारतो, थोडा थांबतो, आणि मग वाजवायला बसतो.