ओसाकात ऐकलेली अहिराणी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. भुसावळच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची भर वर्गात टिंगल केली... त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

गेल्या नोव्हेंबरात मी जपानला, ओसाकाला, लेकीकडे गेले होते. जपान बघायची हौस नव्हती. आमची शीतल व्हिडिओ कॉलवर दिवसेंदिवस सुकत चालली होती. विचारलं की एकच — "काम फार आहे गं." जावईबापू तर नेटवर्क गेल्यासारखे गप्प! तिथे जाऊन आठवडा झाला तरी मला पत्ता लागेना. पोरगी पानात वाढलेलं तसंच टाकून उठायची. जीव नुसता टांगणीला लागला होता.

एका संध्याकाळी ती मला घराजवळच्या इझाकायात घेऊन गेली. म्हणजे खाण्यापिण्याचं छोटंसं दुकान — दाराला निळा पडदा, आत एक लांब लाकडी काउंटर, सात-आठ स्टुलं आणि पलीकडे निखाऱ्यांची शेगडी. मालकीणबाई सत्तरीच्या, डोक्याला फडकं बांधलेल्या. मी शाकाहारी, म्हणून शीतलने वांगं सांगितलं. बाईंनी ते अख्खं निखाऱ्यावर ठेवलं मात्र, त्या वासाने मी थेट भडगावला, माहेरच्या मळ्यात पोचले. हिवाळ्यात तिथे भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. बाहेर दिवे लागत होते, आत मऊ ऊब होती, धुरात सगळं अंधुक, तरंगल्यासारखं... मी जागी होते मात्र, हे लक्षात घ्या.

माझ्या तोंडून आपसूक माहेरची बोली, अहिराणी निघाली, "माय, वांगं फिराव ना, जळी जाई."

बाई वांगं फिरवत म्हणाल्या, "जळाव नही, बईन. तू तुन्ही पोरकडे देख."

मी दचकले कशी नाही, कोण जाणे. स्वप्नात कसं काहीच विचित्र वाटत नाही, तसं झालं. मी विचारलं, "काय व्हयनं तिले?"

"पोटमानं लेकरू गयं तिन्हं. चौथा महिना व्हता. तुले दुख व्हई म्हनीसन सांगत नही ती."

मग त्यांनी वांगं सोललं, बशी आमच्यापुढे ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मी शीतलकडे बघितलं.

शीतल म्हणाली, "काय गं आई, कुणाशीही गप्पा मारतेस! त्यांना काय कळणार?"

"पण त्या काय म्हणत होत्या?"

"वांगं गरम आहे, जपून खा. एवढंच."

मी तिचा हात धरला. "शीतल, चौथा महिना होता ना गं?"

तिच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. माझ्या खांद्यावर डोकं टेकून पोरगी हमसून हमसून रडली. मीही रडले, लोक बघत होते तरी. जरा वेळाने ती म्हणाली, "आज तुला सांगायचं म्हणूनच इथे आणलं होतं, आई. पण तोंडच उघडेना. तुला कसं कळलं?" जावयांनी शब्द काढला नव्हता, आणि त्या बाईंना तर तिने कधीच काही सांगितलं नव्हतं. शीतल एरवी तिथे जायची, तेव्हा नुसती कोपऱ्यात चहा घेत बसायची.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एकटी तिथे गेले. अहिराणीत बोलले, हात जोडले. बाई गोड हसल्या, वाकून नमस्कार केला आणि जपानीत काहीबाही बोलत राहिल्या. मला एक अक्षर कळलं नाही.

मैत्रिणी म्हणतात, आईचं मन असतं, त्याला आपोआप कळतं. असेल बाई! पण मग आठवडाभर त्याच मनाला काही कसं कळलं नव्हतं? माझं नातवंड येणार होतं आणि गेलं, हे मला परमुलुखातल्या एका बाईने माझ्या आईच्या बोलीत सांगितलं. तिने सांगितलं नसतं, तर माझी लेक अजून एकटीच रडत बसली असती.