दमलेल्या पेशी आणि गुळवेलीचा काढा

मला कंटाळा आलाय, हे आधीच सांगून टाकते. रक्त तपासायला देण्याचा, बसचे धक्के खाण्याचा, आणि "अजून बरी नाही झाली का वं?" हे ऐकण्याचा. पोरगी झाली तेव्हा बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं. हिपॅटायटिस सी त्यातूनच अंगात शिरला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज. ती पोरगी आता स्वतः आई झाली, आणि मी आपली अजून औषधातच.

आमचं वलगावजवळ फुलांचं शेत आहे, शेवंती आणि झेंडूचं. सकाळी हार ओवून अमरावतीच्या बाजारात पाठवायचे. ओवता ओवता माझी सुई थांबली की नवरा विचारायचा, "काय झालं?" थकले म्हटलं की म्हणायचा, "थकून कसं चालन? सारं जग थकते." मग मी म्हणणंच सोडलं. मेलं सांगून तरी काय होतंय!

पूर्वी एकदा इंजेक्शनं घेऊन झाली होती. ताप आला, केस गेले, गुण तेवढा आला नाही. नव्या गोळ्या सुरू करताना अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं कारण सांगितलं. "ती इंजेक्शनं तुमच्या रोगप्रतिकारक पेशींना जागं करायची. पण या एकाच विषाणूशी वर्षानुवर्षं लढून तुमच्या पेशी दमल्यात. जागं केलं तरी उठल्या नाहीत. या गोळ्या त्यांच्यावर फारशा अवलंबून नाहीत, थेट विषाणूलाच अडवतात." मला तिथंच रडू फुटलं. माझ्या आत काहीतरी दमलंय, हे निदान कुणीतरी मान्य केलं होतं.

नवऱ्याच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं तसा म्हणाला, "म्हणजे त्यायले ताकद पायजे." दुसऱ्या दिवशी बांधावरच्या कडुनिंबावरची गुळवेल घेऊन आला. कोरोनापासून आमच्या गल्लीत घरोघरी तो काढा उकळतो, आणि कडुनिंबावर चढलेली वेल म्हणजे तर अस्सल. कधी स्वतःचा चहा न केलेला माणूस रोज गॅसपाशी उभा राहून काढा आटवायला लागला. कडूजहर! पण नाही कोणत्या तोंडानं म्हणू? नाक दाबून प्यायचे.

पुढच्या तपासणीत लिव्हरचे आकडे नको तेवढे चढले. डोळेही पिवळे दिसायला लागले होते. "असंच चढत राहिलं तर गोळ्या थांबवाव्या लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. याही औषधानं दगा दिला तर पुढे काय, हे विचारायचीसुद्धा ताकद नव्हती. "बाहेरचं काही घेता का?" त्यांनी विचारलं. नवराच मोठ्या अभिमानानं बोलला, "काढा देऊन राहिलो ना मॅडम, रोज सकाळी. पेशी थकल्या म्हणून."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, गुळवेलीनं काहींच्या पेशी चवताळतात आणि स्वतःच्याच लिव्हरवर तुटून पडतात. आजपासून बंद!" त्याचा चेहरा पार उतरला. घरी पोचल्यावर हातपाय न धुता तो शेतात गेला आणि वेल मुळासकट उपटून आला. मला राग यायला हवा होता, आला नाही. कीवच आली त्याची.

हळूहळू आकडे उतरले, गोळ्या चालू राहिल्या. त्या संपल्यावर तीन महिने थांबून पुन्हा रक्त दिलं आणि दोघं अकोल्याला गेलो. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई हसल्या. "विषाणू गेला. बऱ्या झालात. पण थकवा लगेच पळणार नाही हं. इतकी वर्षं दमलेल्या पेशी पुऱ्या पहिल्यासारख्या होतातच असं नाही."

नवऱ्यानं भीत भीत विचारलं, "मंग आता त्यायले काय द्यावं?"

"काही देऊ नका. आराम करू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंतीची टोपली पुढं ओढली आणि सुई तशीच हातात धरून बसले.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"थकली मी." किती वर्षांनी म्हटलं, कुणास ठाऊक.

माझ्या हातातली सुई त्यानं काढून घेतली, टोपली आपल्याकडे ओढली आणि ओवायला बसला. त्या दिवशी आमचे हार वाकडेतिकडेच बाजारात गेले. मी झोपले होते.